अर्ध्या नोकरीला पूर्ण आठवड्याची वेठ?



आठवड्यातले तीन दिवस ज्याने मालकाला विकले, त्याच्या उरलेल्या दिवसांचा धनी कोण? पहिलीच्या वर्गात विचारावा इतका हा प्रश्न सोपा आहे. तरीही आपल्यातल्या कितीतरी बायकांना, आणि काही पुरुषांनाही, त्याचे उत्तर वारंवार चुकीचे ऐकावे लागते. "उद्या तुमची पाळी नाही हे माहीत आहे, पण जरा येऊन जा, सगळेच येत आहेत." या 'जरा'मध्ये कधी दोन तास जातात, कधी सबंध दिवस जातो, आणि महिनाअखेरच्या तलूशवर त्याची नोंद कोठेच नसते.

पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्यांच्या तक्रारी निराळ्या, आणि त्यांच्या बाजूने बोलायला त्यांच्या युनियन आहेत. मला लिहायचे आहे ते अर्ध्या मिस्राच्या, तिसऱ्या हिश्शाच्या, तासांवर मोजल्या जाणाऱ्या माणसांविषयी. बालवाडीतली सय्याअत, म्हाताऱ्यांकडे जाणारी मेतापेलेत, दुकानात गल्ल्यावर बसणारी मुलगी, शाळेतला अर्धवेळ शिक्षक, आणि हो, आपल्या सिनेगॉगमध्ये झाडलोट करून पुस्तके लावून ठेवणारा शमाशसुद्धा.

माझ्या ओळखीची एक मुलगी दक्षिणेकडच्या एका गावात बालवाडीत मदतनीस आहे. रविवार, सोमवार आणि गुरुवार असे तीन दिवस तिचे. हनुक्काच्या आधी तिला बुधवारी बोलावले गेले: सजावट करायची, खुर्च्या लावायच्या, संध्याकाळी आईबाप येणार त्यांना सुफगानियोत वाढायच्या आणि मग सगळे आवरून जायचे. पैशांचे विचारले तेव्हा हसून उत्तर मिळाले, "अग, आपण सगळी एक मिश्पाखा आहोत." आता गंमत अशी की बुधवारी ही मुलगी मोकळी नसते. त्या दिवशी ती एका आजारी बाईला न्हाऊमाखू घालायला जाते आणि त्याचे पैसे तिला मिळतात. म्हणजे हनुक्काच्या त्या सणाला तिने नुसते फुकट काम केले असे नव्हे, हातची कमाई सोडून फुकट काम केले. नाही म्हणायचे धाडस तिला झाले नाही, कारण पुढच्या वर्षी तीनाचे चार दिवस मिळावेत असा तिचा अर्ज पडलेला होता.

येथे एक घोटाळा आधी सोडवला पाहिजे. बोलताना आपण दोन निरनिराळ्या गोष्टींना एकच 'सुट्टी' हा शब्द वापरतो. पूर्ण वेळच्या माणसाची सुट्टी ही विश्रांती असते. सहा किंवा पाच दिवस राबल्यावर ती त्याला मिळते आणि तिचा विचार करूनच त्याचा पगार ठरलेला असतो. अर्धवेळवाल्याचा बुधवार हा तसा सुट्टीचा दिवसच नव्हे. तो न विकलेला दिवस आहे. मालकाने तो घेतला नाही, त्याची किंमत दिली नाही, त्याबद्दल पेन्शनचा हप्ता भरला नाही. बाजारात अर्धा किलो बांगडा तोलून घ्यायचा आणि जाताना टोपलीतले आणखी दोन उचलायचे, कोळीण काही बोलली तर म्हणायचे की इतक्या वर्षांची आपली ओळख! आमच्या मुंबईच्या बाजारातली कोळीण अशा गिऱ्हाइकाला काय म्हणाली असती ते या पानांवर छापता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, पूर्ण वेळवालेही जास्तीचे थांबतातच की, मग अर्धवेळवाल्यांनी थोडी कळ सोसली तर काय बिघडले? शिक्षिकेच्या सवयीने मी येथे फळ्यावर एक गणित मांडते. समजा पूर्ण नोकरी आठवड्याला चाळीस तासांची आणि अर्धी वीस तासांची. दर आठवड्याला तीन तासांची बैठक सर्वांना सक्तीची आणि बिनपगारी. पूर्ण वेळवाल्याने आपल्या विकलेल्या वेळेवर साडेसात टक्के फुकट दिले, अर्धवेळवाल्याने पंधरा टक्के. त्यातून बैठक त्याच्या मोकळ्या दिवशी असेल तर येण्याजाण्याचे दोन तास धरा, आणि ते धरायलाच पाहिजेत, मग पंचवीस टक्के झाले. "सगळ्यांना सारखेच" या शब्दांत हा असा दुप्पट-तिप्पटीचा फरक लपून राहतो. सारखे ओझे सारख्या खांद्यावर टाकले तरच ते सारखे.

हे गणित या देशात सरकारदरबारी एकदा मान्य झालेले आहे. प्राथमिक शाळेत पूर्वी पूर्ण मिस्रा म्हणजे वर्गावरचे तीस तास, एवढेच मोजले जात. वह्या तपासणे, पालकांशी बोलणे, बैठका हे सारे शिक्षकाच्या अंगावर. २००८ साली 'ओफेक खदाश' आले आणि पूर्ण मिस्रा छत्तीस तासांचा झाला: सव्वीस तास वर्गावर, पाच तास एकेका मुलाला किंवा लहान गटाला, आणि पाच तास शाळेत थांबून करायच्या बाकीच्या कामाचे. वरच्या वर्गांसाठी 'ओज लतमुरा'मध्ये चाळीस तास धरले, त्यांपैकी चोवीस वर्गावर, सहा मुलांना निराळे आणि दहा थांबण्याचे. त्या सुधारणांवर माझे दुसरे आक्षेप पुष्कळ आहेत, ते आज राहू देत. परंतु एक गोष्ट त्यांनी कागदावर आणली की बैठक हे काम आहे, पालकांना भेटणे हे काम आहे. मग ज्याचा मिस्रा अर्धा, त्याचे थांबण्याचे तासही अर्धे. त्याला बैठकीला पूर्ण वेळ बसवायचे असेल तर उरलेल्या वेळेचे पैसे द्यावे, नाही तर त्याला अर्ध्या बैठकीत उठू द्यावे. मुख्याध्यापकांना ही दुसरी गोष्ट अपमानाची वाटते. पहिली त्यांना खर्चाची वाटते. राहिला तिसरा मार्ग, तो म्हणजे शिक्षकाचा भिडस्तपणा, आणि तो सर्वांत स्वस्त पडतो.

आपल्या लोकांना या युक्तीची ओळख नवी नाही. मिसरात फारो काय म्हणाला ते दर पेसहला आपण घोकतो, परंतु त्याची हिशेबी बाजू आपल्या लक्षात येत नाही. मोशे आणि अहरोन लोकांसाठी रजा मागायला गेले तेव्हा फारोने विटांचा आकडा वाढवला नाही. आकडा तोच ठेवला आणि पेंढा देणे तेवढे बंद केले. पेंढा तुमचा तुम्ही गोळा करा, विटा मात्र पहिल्याइतक्याच द्या. म्हणजे कामाची तयारी त्याने गुलामाच्या स्वतःच्या वेळेत ढकलली आणि वर त्यांनाच आळशी ठरवले. कागदावर काम वाढलेले नाही आणि दिवस मात्र गिळला गेला, हे शास्त्र इतके जुने आहे.

मराठीत याला अचूक शब्द आहे: वेठ. वेठीस धरणे, वेठबिगार. आमच्या कोकणातल्या वडीलधाऱ्यांना हा शब्द पुस्तकात शोधावा लागत नसे. कोणी अंमलदार गावात आला की त्याचे सामान वाहायला ज्याला पकडले तो वेठीला लागला, शेत पेरायचे राहिले तरी चालेल. स्वतंत्र भारताच्या घटनेने तेविसाव्या कलमात बिगारीला बंदी घातली, आणि १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे हीदेखील त्या कलमाखाली सक्तीची मजुरी होते. मजूर आपल्या पायांनी कामावर आला एवढ्याने सक्ती नाहीशी होत नाही. भूक आणि गरज यांचाही जोर असतो, असा त्या निकालाचा आशय. माझ्या ओळखीच्या मुलीला कोणी दोरीने बांधून बालवाडीत नेले नव्हते. तिचा तो अर्ज होता, तेवढे पुरले.

आणि विश्रांतीच्या दिवसाचे म्हणाल, तर जगात अशा किती जमाती असतील की ज्यांना शेजाऱ्यांनी त्यांच्या सुट्टीवरून नाव दिले? कोकणात आपल्याला 'शनवार तेली' म्हणत. तेली इतरही होते, सोमवारी घाणा बंद ठेवणारे होते, पण शनिवारी घाणा थांबवणारे ते आपण. घाणा बंद म्हणजे बैलही मोकळा. हिब्रू विसरली, पुस्तके हरवली, तरी एवढा एक दिवस त्या माणसांनी हातचा जाऊ दिला नाही, आणि तोही कोणाकडून पगारी रजा म्हणून मिळालेला नव्हता. तेल न गाळल्याचा तोटा त्यांनी सोसला. मुंबईच्या गिरणी कामगारांना साप्ताहिक सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावे लागले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे मालकांनी रविवार मान्य केला. तेव्हाही म्हणणारे म्हणतच होते की कामगारांना सुट्टी देऊन ते करणार काय! आज अर्धवेळ बाईला हेच निराळ्या शब्दांत ऐकवतात: "तुला तर आठवड्याचे तीन दिवस रिकामेच असतात." रिकामे? घरी पडलेला सासरा, शाळेतून येणारी मुले, दुसरी नोकरी, स्वतःचे दुखणारे गुडघे. पूर्ण नोकरी पेलत नाही म्हणूनच बहुतेक जणी अर्धी घेतात, अन् काहींना तर पूर्ण हवी असून कोणी देत नाही.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात सांगते. इस्राएलचा कामाच्या तासांचा व विश्रांतीचा कायदा १९५१ चा आहे. त्यात कामाचा वेळ म्हणजे काय याची व्याख्या मोठी सुंदर आहे: ज्या वेळेत कामगार कामासाठी हजर आणि हाताशी आहे तो कामाचा वेळ. खुर्च्या लावल्या काय आणि बैठकीत जांभया दिल्या काय, तो हाताशी होता. आठवड्याची सलग विश्रांती किमान छत्तीस तासांची, आणि त्यात काम करून घ्यायचेच झाले तर किमान दीडपट पैसे. अर्धवेळवाल्याच्या बुधवारला ही दीडपट लागू नाही, पूर्ण दिवसाच्या तासांची हद्द ओलांडल्याशिवाय जादा दर मिळत नाही. परंतु साधा दर तर मिळालाच पाहिजे. १९८७ च्या किमान वेतनाच्या कायद्याने असेही ठरवले आहे की हा हक्क कामगाराला सोडूनही देता येत नाही. "मी माझ्या खुशीने आले" अशी सही घेतली तरी ती निरुपयोगी. कायदा करणाऱ्यांना ही खुशी कशी निर्माण होते ते ठाऊक होते. शिवाय २००२ पासून मालकाने कामगाराला कामाचा दिवस किती तासांचा, आठवडा किती, विश्रांतीचा वार कोणता हे लेखी कळवायचे असते. हा कागद पुष्कळांकडे असतो, कपाटात, जन्माच्या दाखल्याखाली. तो काढून वाचावा.

आपले रब्बी कायद्याच्या फार आधी येथे येऊन गेलेले आहेत. बाबा मेत्सिया या भागात मिश्ना सांगते की मजूर लावल्यावर त्यांना लवकर या, उशिरा थांबा असे म्हटले, आणि त्या गावची रीत तशी नसेल, तर त्यांच्यावर जबरदस्ती करता येत नाही. यावर गमारा विचारते, हे सांगायला कशाला हवे? आणि उत्तर देते, मालकाने मजुरी नेहमीपेक्षा वाढवून दिली असेल अशा वेळेसाठी. मालक म्हणेल, जास्त दिले ते तू लवकर यावेस म्हणून. मजूर म्हणू शकतो, जास्त दिले ते मी काम चांगले करावे म्हणून. पाहा, जास्त पैसे घेतलेल्या मजुराचाही वेळ त्याचाच राहिला. आम्ही मात्र अर्ध्या पैशांत सबंध माणूस मागतो.

आता दुसऱ्या बाजूचे खरे बळ जेथे आहे तेथे येते. कामे सगळी सारखी नसतात. मुलांना शिकवणे, आजाऱ्याची सेवा करणे, म्हाताऱ्याचा हात धरणे, ही घड्याळाच्या काट्यावर बंद करण्याची कामे नव्हेत. पाच वाजले म्हणून रडते मूल खाली ठेवून निघणारी बाई मला माझ्या नातवाजवळ नको. तास मोजून प्रेम करता येत नाही असे म्हणतात ते बरोबरच आहे. परंतु मोजता न येणारी जी गोष्ट आहे ती मागताही येत नाही, हे त्याच वाक्याचे दुसरे टोक. मिश्कानसाठी तोरामध्ये दोन प्रकारचे देणे आहे. अर्धा शेकेल प्रत्येकाने द्यायचा, श्रीमंताने जास्त नाही आणि गरिबाने कमी नाही, ते ठरलेले. आणि सोने, रुपे, सूत, कातडी ही ज्याच्या मनात आले त्याने आणायची. ही दोन देणी कोठेही एकत्र कालवलेली नाहीत. मनापासूनचे देणे जास्त होऊ लागले तेव्हा मोशेने छावणीत दवंडी पिटवून ते थांबवले. कामगारांना "आता पुरे, घरी जा" म्हणणारा किती मालक आपण पाहिला? आणि खुद्द मिश्कानचे काम, त्याहून पवित्र काम कोणते, तेही शब्बाथच्या दिवशी बंद.

तेव्हा मला कसोटी एकच दिसते. बोलावणाऱ्याने मनाशी विचारावे, ही बाई नाही म्हणाली तर उद्या माझा चेहरा बदलेल काय? तिच्या पुढच्या वर्षीच्या तासांवर त्याची सावली पडेल काय? पडणार नसेल तर ते मागणे. पडणार असेल तर तो हुकूम, आणि हुकमाचे पैसे द्यावे लागतात. "आपण एक कुटुंब" या शब्दांनी फरक पडत नाही. कुटुंबाचा दाखला देणाऱ्यांनी आठवून पाहावे, आपल्या घरी मलिद्याच्या दिवशी पोहे भिजवणे, नारळ खवणे, ताटे मांडणे कोण करत होते आणि गप्पा मारत कोण बसत होते. कुटुंबातही काम कोणावर तरी पडते, आणि बहुधा ठरावीक माणसांवरच.

कामगाराच्या पदरात घालण्यासारखेही काही आहे. तानीतमध्ये अब्बा हिल्किया यांची गोष्ट आहे. पाऊस पडत नव्हता म्हणून विद्वान त्यांना प्रार्थना करायची विनंती करायला गेले. ते शेतात कुदळ मारत होते. शालोम केले तर त्यांनी मान वर करून पाहिले नाही. नंतर कारण सांगितले: मी रोजंदारीवर होतो, तो वेळ माझा नव्हता. हातात फोन घेऊन दुकानाच्या गल्ल्यावर नातलगांशी गप्पा मारणाऱ्यांनी, मग ते अर्धवेळ असोत की पूर्ण वेळ, ही गोष्ट वाचावी. मात्र जो माणूस विकलेल्या वेळेतली दोन मिनिटे आपली मानत नाही, त्यालाच न विकलेला दिवस आपला म्हणण्याचा अधिकार सर्वांत जास्त आहे, आणि नेमके अशाच माणसांना फुकट बोलावले जाते. कामचुकाराला सणाच्या सजावटीला कोण बोलावतो?

वर्षातून चार समारंभ होणार हे ऑगस्टमध्येच ठाऊक असते. ते तास तेव्हाच तिच्या नोकरीत धरावे, किंवा त्या आठवड्यात तिला दुसरा दिवस मोकळा द्यावा. अडचण पैशांची फार क्वचित असते. विचारायचे कोणाला सुचत नाही.

आतापर्यंत मालक म्हणजे कोणी परका, म्युनिसिपालिटी किंवा कंपनी, असे धरून चाललो. परंतु आपणही मालक आहोत. हश्कावा आहे, मलिदा आहे, पाहुणे जास्त आहेत, म्हणून शमाशला त्याच्या मोकळ्या संध्याकाळी बोलावतो आणि जेवून जा म्हणतो. जेवण हा पगार नव्हे. समितीच्या सभासदांनी फुकट काम करावे, ते निवडून आलेले आहेत आणि केव्हाही राजीनामा देऊ शकतात.

सर्वांत अवघड गोष्ट मेतापेलेतची. आपल्या आईकडे बितुआह लेउमीने मंजूर केलेल्या तासांइतकी बाई येते. तिचा वार नाही अशा दिवशी आई न्हाणीघरात घसरते आणि फोन लावते तो मुलाला नव्हे, त्या बाईला, कारण नंबर तोच पाठ आहे आणि मुलगा हैफाला आहे. बाई बस पकडून जाते. जाऊ नये असे कोण म्हणेल? मीही तिला जा असेच सांगेन. कंपनी म्हणते, मंजूर तास संपले, आम्ही पैसे देऊ शकत नाही. हिशेबाच्या नियमाने कंपनी खोटे बोलत नाही. बितुआह लेउमी म्हणते, आम्हाला कळवले नाही. आई म्हणते, ती मला मुलीसारखी आहे. आणि हैफाचा मुलगा संध्याकाळी फोनवर तिचे तोंड भरून आभार मानतो.

त्या मुलाने तीन तासांचे आणि बसभाड्याचे पैसे त्याच रात्री, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी, पाठवावेत. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये ही आज्ञा आपल्याला आहे, आणि त्या आज्ञेत कंपनीचे नाव घातलेले नाही. बाईने नको नको म्हटले तरी पाठवावेत. ती दोनदा नको म्हणेल. आपल्याकडे तशी रीत आहे, तिसऱ्यांदा घेते.